हात तुमचाच, आकडा दुसऱ्याचा

चार वर्षं तुम्ही काउंटर-स्ट्राइक खेळताय. ग्रुपमध्ये तुमच्या नेमाला थोडीफार इज्जत आहे. मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, चल, आता व्हॅलोरंट. तुम्ही गेम टाकता, सेटिंगमध्ये जाता आणि सवयीने सेन्सिटिव्हिटी १ ठेवता. पहिल्याच राउंडला डावीकडून पावलांचा आवाज येतो, तुम्ही झटकन वळता आणि थेट भिंतीकडे तोंड करून उभे राहता. समोरचा येतो, आरामात मारून जातो. अशा दहा मॅच झाल्या की ग्रुपवर तुमच्या नावाचे मीम्स सुरू!

माझं हे झालंय. चांगले तीन आठवडे. मी माऊस बदलला, पॅड बदललं, जागरणं बंद केली. शेवटी ठरवून टाकलं की आपल्या हातातच काही राहिलं नाही.

तर आज ज्यांची गोष्ट सांगायचीय, त्यांच्या हयातीत असले गेम जन्मालासुद्धा आले नव्हते. पण तुमची-माझी ही नेमकी चूक त्यांनी १९४७ मध्ये कागदावर मांडून ठेवलीय. फरक इतकाच की त्यांच्यासमोर ही चूक करणारी माणसं खऱ्या विमानात बसलेली होती, आणि तिथे पुढचा राउंड नव्हता.

नाव पॉल मॉरिस फिट्स. डिझाइन शिकणारी तुमची एखादी मैत्रीण असेल तर तिला विचारा, ‘फिट्सचा नियम’ म्हटल्याबरोबर ती मान डोलावेल. अॅपमधलं बटण केवढं असावं, कुठे असावं, हे ठरवताना आजही पहिल्यांदा आठवतो तो हाच नियम. माणूस मात्र नियमाच्या मागे दडून गेला.

६ मे १९१२ ला अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, मार्टिन नावाच्या छोट्या गावात त्यांचा जन्म. विषय मानसशास्त्र. पदवी टेनेसी विद्यापीठाची, पुढचं शिक्षण ब्राउनला, पीएच.डी. १९३८ मध्ये रोचेस्टरला. मग परत टेनेसीत प्राध्यापकी. म्हणजे तेव्हाच्या हुशार मुलाचा अगदी सरळ रस्ता. तो रस्ता मोडला दुसऱ्या महायुद्धाने. फिट्स लष्कराच्या हवाई दलात दाखल झाले आणि १९४५ मध्ये ओहायोतल्या राइट फील्डच्या एरो मेडिकल लॅबोरेटरीत मानसशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

आता प्रश्न पडेल, विमानतळावर मानसशास्त्रवाल्याचं काय काम? युद्धात विमानं नुसती शत्रूच्या गोळ्यांनी पडत नव्हती. धडधाकट विमान, अनुभवी वैमानिक, स्वच्छ हवा आणि तरी धावपट्टीवर घोटाळा! चौकशीच्या कागदावर कारण एकच लिहिलं जायचं : वैमानिकाची चूक. शिक्का मारला, फाइल बंद.

फिट्स यांना त्या शिक्क्याचं समाधान झालं नाही. सहकारी रिचर्ड जोन्स यांना घेऊन त्यांनी वैमानिकांनाच विचारायला सुरुवात केली. कॉकपिटमधला एखादा खटका किंवा दांडा वापरताना तुमच्याकडून किंवा तुमच्यासमोर झालेली चूक सविस्तर सांगा. असे ४६० किस्से जमले. दोघांनी ते एकेक करून वाचले आणि प्रकारांत वाटले. जवळपास निम्म्या किस्स्यांमध्ये चूक एकच निघाली. हात एका दांड्याकडे जायला हवा होता, तो दुसऱ्याकडेच गेला.

का गेला, ते बघा. तेव्हाच्या विमानात तीन दांडे शेजारी-शेजारी असायचे. थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा जोर, प्रोपेलर म्हणजे पंख्याच्या पात्यांचा कोन, आणि मिक्श्चर म्हणजे इंधन-हवेचं प्रमाण. बी-२५ विमानात डावीकडून क्रम होता थ्रॉटल, प्रोपेलर, मिक्श्चर. सी-४७ मध्ये प्रोपेलर पहिला, मग थ्रॉटल, मग मिक्श्चर. आणि सी-८२ मध्ये मिक्श्चर पहिला, मग थ्रॉटल, शेवटी प्रोपेलर. शेकडो तास बी-२५ उडवलेला माणूस सी-८२ मध्ये बसतो. उतरताना जोर कमी करायचाय. नजर बाहेर धावपट्टीवर, हात सवयीने सगळ्यात डावा दांडा मागे ओढतो. इथे तो थ्रॉटल नाहीच, मिक्श्चर आहे. तो पार मागे ओढला की इंजिनाचं इंधनच बंद.

घरी आजोबांची जुनी बुलेट असेल तर हे तुम्हाला लगेच कळेल. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. रोज पल्सर चालवणारा पोरगा तिच्यावर बसला की रिकाम्या रस्त्यावर सगळं नीट जमतं. कुत्रं आडवं आलं की मात्र उजवा पाय दाबला जातो, आणि ब्रेकऐवजी गिअर पडतो. घाईत विचार मागे राहतो आणि शिकलेलं शरीर पुढे धावतं.

फिट्स आणि जोन्स यांनी अहवालात जे मांडलं ते तेव्हा बऱ्यापैकी धाडसाचं होतं. या चुका बेफिकीर माणसांच्या नाहीत. चांगली, शिकलेली, सराव झालेली माणसं त्या करतात, आणि सराव पक्का असतो म्हणूनच करतात. तेव्हा माणसाला झापून उपयोग नाही. सगळ्या विमानांत दांड्यांचा क्रम सारखा करा, मुठींचा आकार वेगवेगळा ठेवा, म्हणजे न बघता हाताला कळेल.

आता परत तुमच्या भिंतीकडे येऊ. गेममधली सेन्सिटिव्हिटी हे कुठलं ठरलेलं माप नाही. माऊस हलला की तो संगणकाला ठोके पाठवतो. ८०० डीपीआय म्हणजे एक इंच हलवलात की ८०० ठोके. एका ठोक्याला तुमचं पात्र किती अंश वळणार, हे प्रत्येक गेम आपापलं ठरवतो. क्वेकपासून चालत आलेला आकडा आहे ०.०२२ अंश. काउंटर-स्ट्राइक तोच वापरतो, एपेक्स लिजेंड्सही. व्हॅलोरंटचा आकडा आहे ०.०७. त्याला आपल्या सेन्सिटिव्हिटीने गुणायचं. म्हणजे दोन्हीकडे १ लिहिलं तरी व्हॅलोरंट तिपटीहून जास्त वेगाने फिरणार. ८०० डीपीआयवर काउंटर-स्ट्राइकमध्ये पूर्ण गिरकी घ्यायला माऊस सुमारे ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो, व्हॅलोरंटमध्ये जेमतेम १६. तुमच्या हाताने चार वर्षं पाठ केलेली ९० अंशांची हालचाल आहे १३ सेंटिमीटरची. तीच इथे तुम्हाला २८६ अंश फिरवते. भिंत दिसणार नाही तर काय दिसणार?

उपाय भागाकाराचा. काउंटर-स्ट्राइकच्या आकड्याला ३.१८ ने भागा, १ चं ०.३१४ होतं. एपेक्ससाठी तोच आकडा चालतो. ओव्हरवॉचसाठी ३.३३ ने गुणायचं. आणि आकड्यांवर विश्वास नसेल तर सरळ पट्टी घ्या. पॅडवर माऊस सरकवत पात्राला एक पूर्ण गिरकी द्या, किती सेंटिमीटर लागले ते मोजा, आणि नवीन गेममध्ये तेवढंच अंतर येईपर्यंत आकडा कमी-जास्त करा. डीपीआय मधेच बदलायचा नाही, आणि विंडोजमधलं माऊसचा वेग आपोआप वाढवणारं सेटिंग बंद ठेवायचं, नाहीतर मोजमापाला अर्थच राहत नाही.

पण मग सगळ्यात चांगला आकडा कोणता? अमुक प्रो खेळाडूचा कॉपी करू का? इथे फिट्स यांचं दुसरं काम उपयोगी पडतं, ज्यामुळे त्यांचं नाव पाठ्यपुस्तकात गेलं.

१९४९ मध्ये ते ओहायो स्टेट विद्यापीठात गेले. क्लॉड शॅनन यांनी आदल्याच वर्षी माहिती मोजण्याचं गणित मांडलं होतं. टेलिफोनच्या तारेतून किती माहिती जाते हे मोजता येतं, तर माणसाच्या हातातून किती जाते हे का नाही? फिट्स यांचा प्रयोग बघायला अगदीच साधा होता. १६ उजखुरे कॉलेजचे विद्यार्थी, समोर धातूच्या दोन पट्ट्या आणि हातात एक टोकदार काडी. १५ सेकंद आळीपाळीने दोन्ही पट्ट्यांवर टिचक्या मारायच्या, शक्य तितक्या वेगाने, पण पट्टीबाहेर न जाता. पट्ट्यांची रुंदी पाव इंचापासून दोन इंचांपर्यंत, त्यांच्यातलं अंतर दोन ते सोळा इंच. सगळ्यात सोप्या मांडणीत एका टिचकीला सुमारे ०.१८ सेकंद लागला, सगळ्यात अवघड मांडणीत सुमारे ०.७३. तुम्ही जे एम ट्रेनर उघडून बसता ना, ते हेच. फक्त साल १९५४.

निष्कर्ष असा की नुसतं अंतर किंवा नुसता आकार महत्त्वाचा नाही, दोघांचं गुणोत्तर महत्त्वाचं. अंतर दुप्पट केलं आणि पट्टीही दुप्पट रुंद केली, तर वेळ जवळजवळ तेवढाच.

हे माऊसला लावून बघा. सेन्सिटिव्हिटी दुप्पट केली की हाताला अर्धंच अंतर कापायचंय, हा फायदा. पण शत्रूचं डोकंही पॅडवर अर्ध्याच रुंदीचं झालं. गुणोत्तर जिथल्या तिथे! म्हणून मधल्या मोठ्या पट्ट्यात कुठलाच आकडा जादूचा नाही. टोकांना मात्र गडबड होते. फार वाढवला तर हाताची थरथरसुद्धा नेम हलवते, फार कमी केला तर पॅड संपतं आणि माऊस उचलत बसावं लागतं. फिट्स यांनाही हाताचा दर बऱ्याच मोठ्या पट्ट्यात साधारण सारखा आढळला होता, बाहेर तो घसरत होता. माझ्या मते प्रो खेळाडूंचे आकडे गोळा करण्यात गेलेली आपली कित्येक संध्याकाळ इथेच निकालात निघते. आकडा कोणता, यापेक्षा तो सगळीकडे एकच आहे ना, हे बघा.

१९५८ मध्ये फिट्स मिशिगन विद्यापीठात आले. १९६२-६३ मध्ये ते ह्यूमन फॅक्टर्स सोसायटीचे अध्यक्ष होते. या काळात त्यांचं लक्ष कौशल्य अंगात मुरतं कसं, याकडे होतं. त्यांनी तीन टप्पे सांगितले. आधी माणूस प्रत्येक पायरी मनात घोकतो. मग चुका गाळत हालचाली एकमेकींना जोडतो. आणि शेवटी हात आपोआप चालतो, डोकं दुसरीकडे मोकळं होतं. बी-२५ वाला वैमानिक तिसऱ्या टप्प्यावर होता, तुम्हीही काउंटर-स्ट्राइकमध्ये तिथेच आहात. नवा आकडा चुकीचा पडला की तुम्ही सरळ पहिल्या टप्प्यावर येऊन आपटता, आणि वरून जुनी सवय हात ओढत राहते.

२ मे १९६५ ला त्यांचं निधन झालं. ५३ वा वाढदिवस चार दिवसांवर होता. मायकेल पोस्नर यांच्यासोबतचं माणसाच्या कार्यक्षमतेवरचं त्यांचं पुस्तक १९६७ मध्ये, ते गेल्यावर आलं.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १९६४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी लाकडाचा एक ठोकळा बनवला होता, खाली दोन चाकं असलेला. तो पहिला माऊस. पुढे झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत स्टुअर्ट कार्ड, बिल इंग्लिश आणि बेटी बर यांनी माऊस, जॉयस्टिक आणि बटणं यांची शर्यत लावली. १९७८ मध्ये छापून आलेल्या त्या निबंधात फूटपट्टी म्हणून वापरला होता फिट्स यांचा नियम. माऊस जिंकला, आणि त्याचा वेग मोकळ्या हाताच्या वेगाच्या जवळ पोचतो असं दिसलं. म्हणजे अडथळा उपकरणाचा उरलाच नव्हता, मर्यादा हाताची होती. झेरॉक्सने १९८१ मध्ये माऊस असलेला संगणक बाजारात आणला.

राहता राहिला माझा नेम. ०.३१४ टाकल्यावर पहिल्याच रात्री भिंती दिसायच्या बंद झाल्या, पण हेडशॉट काही लगेच आले नाहीत. दोन्ही गेममध्ये पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याची रुंदी थोडी वेगळी आहे, एकात सुमारे १०६ अंश, दुसऱ्यात १०३. त्यामुळे गिरकी जुळली तरी पडद्यावरची छोटी हालचाल अगदी तंतोतंत जुळत नाही. स्कोपमधली सेन्सिटिव्हिटी तर वेगळीच जुळवावी लागते, ती मी अजून जुळवतेय. पण पाचव्या दिवशी पुन्हा डावीकडून पावलांचा आवाज आला, मी वळले, आणि या वेळी तो समोर होता.