अँड्र्यू मॅककेलर
अँड्र्यू मॅककेलर (२ फेब्रुवारी, १९१०:व्हँकूवर - ६ मे, १९६०:व्हिक्टोरिया) हे कॅनेडियन खगोलशास्त्रज्ञ होते. व्हिक्टोरियातील डोमिनियन खगोलभौतिकी वेधशाळेत असताना, ताऱ्यांच्या वर्णपटातील काही गूढ रेषा ताऱ्यांमधल्या अवकाशातील मिथिलिडीन आणि सायनोजन या रेणूंच्या असल्याचे त्यांनी १९४० साली दाखवले. सायनोजनच्या रेषांच्या तीव्रतेची तुलना करून १९४१ साली त्यांनी २.३ केल्विन हे तापमान काढले. या आकड्याला तेव्हा फारसा अर्थ दिला गेला नाही. तो विश्वव्यापी पार्श्वप्रारणाचा माग होता, हे १९६५ नंतर उमगले. परंतु तत्पूर्वीच मॅककेलर यांचे निधन झाले होते. रेणूंच्या रेषांवरून तापमान जाणण्याचे हेच तत्त्व आता दूरच्या धूलिमय दीर्घिकांतील वायूच्या अभ्यासातही वापरले जाते. चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव दिलेले आहे.