माधानचे प्रज्ञाचक्षू

वऱ्हाडात गुलाबराव महाराजांचे नाव ठाऊक नाही असे घर विरळाच. ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीला त्यांचा जन्म झाला. घराणे माधानच्या मोहोडांचे. वर्षाचे होण्याआधीच दृष्टी गेली. चौथ्या वर्षी आई गेली आणि आजीने आजोळी वाढवले. शाळेची पाटी हाती आलीच नाही. जे शिकले ते दुसऱ्याने वाचलेले ऐकून. त्यात वेदान्त होता, ज्ञानेश्वरी होती आणि डार्विन-स्पेन्सरचे विचारही होते. ग्रंथ ते तोंडी सांगत, शिष्य लिहून घेत. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला, तेव्हा वय अवघे चौतीस आणि मागे ग्रंथ सव्वाशेच्या वर!

आपण हात जोडून याला दैवी देणगी म्हणतो. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून मला नवल वाटते ते निराळेच. वाक्य लांबले की मी मागची ओळ पुन्हा वाचतो. महाराजांना ती सोय नव्हती. वाक्याचा आरंभ मनात धरूनच शेवट गाठायचा.

या क्षणभर धरून ठेवण्याला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. बॅडली आणि हिच यांनी १९७४ मध्ये तिची मांडणी केली. बँकेत लेजरमधला खाते क्रमांक व्हाउचरवर उतरेपर्यंत आम्ही ओठांत घोळवायचो, तीच ही. पुढे १९९० मध्ये गॅदरकोल आणि बॅडली यांना आढळले, की भाषा नीट न येणाऱ्या मुलांना, बुद्धी चांगली असूनही, अनोळखी लांब शब्द ऐकून पुन्हा म्हणणे फार जड जाते.

अमरावती-अकोल्याच्या घरांतही अशी मुले असतात. दप्तर ठेव, हात धू, आजीला बोलाव, अशी तीन कामे एका दमात सांगितली की मूल एकच करते आणि ऐकत नाही म्हणून बोलणी खाते. खरे तर उरलेले वाक्य त्याच्या मनातून निसटलेले असते.

एवढ्या अचाट स्मरणशक्तीच्या महाराजांनाही वाचून दाखवणारी, लिहून घेणारी माणसे लागली. मग ज्याची ही शक्ती तोकडी, त्याला आधार नको का? एका वेळी एकच गोष्ट सांगावी, हाताने दाखवावी, न रागावता पुन्हा सांगावी. कान तपासून घ्यावेत, वाचा-भाषा तज्ज्ञाला दाखवावे. त्या काळच्या खेड्यातल्या माणसांनी अंध मुलासाठी वेळ काढला. आपल्याला घरातल्या मुलासाठी तो काढता येईल.