ना ॲप, ना फिल्टर... 160 वर्षांपूर्वी कोंबड्यांच्या खुराड्यात 'मूडी पोर्ट्रेट' काढणाऱ्या ज्युलिया कॅमेरॉन

रंग जवळजवळ उडालेले, मागं काळोख आणि त्यातून फक्त चेहरा पुढं आलेला. असे फोटो तुम्ही इन्स्टावर रोज बघत असाल. ॲपमध्ये सॅच्युरेशन खाली ओढलं, कडा काळ्या केल्या की दोन मिनिटांत काम होतं. पण हाच लूक एका बाईंनी 1860 च्या दशकात काचेच्या प्लेटवर आणला होता आणि त्यापायी जाणकारांची बोलणीही खाल्ली होती. त्यांचं नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. (आडनाव नवऱ्याचं, कॅमेऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.)

जन्म 1815 चा, तोही आपल्या कलकत्त्यातला. वडील ईस्ट इंडिया कंपनीत अधिकारी. 1838 मध्ये चार्ल्स हे कॅमेरॉन यांच्याशी लग्न झालं. मेकॉलेच्या ज्या कायदा आयोगानं भारतीय दंड संहितेचा मसुदा केला, त्यात हे गृहस्थ होते. 1848 मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं आणि पुढं आयल ऑफ वाइट बेटावर राहायला आलं. शेजार कवी टेनिसनचा.

1863 च्या डिसेंबरात मुलगी आणि जावयानं त्यांना कॅमेरा भेट दिला. नवरा कॉफीच्या मळ्यांपायी सिलोनला गेलेला, तेव्हा आईचा वेळ जाईल, एवढाच हेतू. ज्युलियाबाई तेव्हा 48 वर्षांच्या होत्या. त्यांनी कोंबड्यांचं खुराडं रिकामं करून त्याचा स्टुडिओ केला आणि कोळशाच्या खोलीची डार्करूम.

त्या काळी स्टुडिओतले फोटो कसे असायचे? छोटे, भरपूर उजेडातले, मागं रंगवलेला पडदा आणि डोक्यापासून बुटापर्यंत सगळं स्पष्ट. बाईंनी बरोबर उलटं केलं. बहुतेक उजेड पडद्यांनी अडवायचा आणि एकाच बाजूनं येऊ द्यायचा. मागं गडद कापड, समोरच्याच्या अंगावरही गडद कापड. त्यामुळं अंग काळोखात विरघळायचं आणि चेहरा तेवढा उरायचा. लेन्स अशी की डोळे स्पष्ट आले तरी कान धूसर. प्लेट मोठ्या, त्यामुळं समोरच्याला कित्येक मिनिटं हलायची सोय नाही. जराशी हालचाल झालीच, तर चेहऱ्याला आणखी मऊपणा यायचा. रंग तर त्या तंत्रात नव्हताच, प्रिंट तपकिरी यायची. म्हणजे चेहरा उठून दिसायचा तो फक्त उजेडाच्या जोरावर.

याचा सगळ्यात भारी नमुना म्हणजे 1867 चा जॉन हर्शेल यांचा फोटो. हे मोठे खगोलशास्त्रज्ञ. फोटो पक्का करणाऱ्या 'हायपो'चा गुण ओळखणारेही हेच आणि बाईंचे जुने स्नेही. बाई सगळं सामान घेऊन त्यांच्या घरी गेल्या. त्यांना केस धुवायला लावले असं सांगतात, म्हणजे पांढऱ्या बटा मोकळ्या होऊन उजेड पकडतील. खांद्यांवर काळं कापड टाकलं. सुरकुत्या लपवल्या नाहीत. त्यांचे देवदूतांच्या वेषातल्या पोरांचे फोटो आज जरा जास्तच गोड वाटतात, पण हर्शेलसमोर आजही थांबावंच लागतं.

फोटोग्राफीच्या जाणकारांनी मात्र नाकं मुरडली. फोटो धूसर, प्लेटवर ओरखडे, बोटांचे ठसे. डागांची तक्रार खरीच होती. धूसरपणा मात्र मुद्दाम होता. फोकस करताना चित्र डोळ्यांना सुंदर दिसलं, की त्या तिथंच थांबायच्या, आणखी स्पष्ट करायच्या नाहीत.

हा नुसता हट्ट नव्हता, त्यात पैसाही अडकला होता. कॉफीच्या मळ्यांत नुकसान होत होतं आणि फोटोग्राफी खर्चिक. म्हणून बाई कॉपीराइट नोंदवायच्या, टेनिसन-कार्लाइलसारख्यांच्या सह्या घेऊन प्रिंट विकायच्या. गिऱ्हाइकाला आवडेल म्हणून फोकस मात्र बदलला नाही. 1865 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमनं, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टनं, त्यांचे फोटो विकत घेतले आणि 1868 मध्ये स्टुडिओसाठी दोन खोल्याही दिल्या. त्याच वर्षी चार्ल्स डार्विन त्यांच्यासमोर बसले. घरातली मोलकरीण मेरी हिलियर तर कितीतरी फोटोंत मदर मेरी झाली.

1875 मध्ये कॅमेरॉन दांपत्य सिलोनला गेलं. तिथं बाईंनी मळ्यातल्या मजुरांचे आणि गावकऱ्यांचे थोडे फोटो काढले. 26 जानेवारी 1879 ला तिथंच त्या गेल्या. आज त्यांच्या बाराशेहून जास्त फोटोंची नोंद आहे. त्यातला भाची ज्युलिया जॅक्सनचा फोटो बघाच. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. ही भाची म्हणजे लेखिका व्हर्जिनिया वुल्फची आई.