पगडी न उतरवणारे वकील : मणिलाल डॉक्टर

आमच्या शाळेची सहल पोर्ट लुईला गेली की मुले कंपनी गार्डनमध्ये डबे उघडून बसतात. तिथे वडाच्या सावलीत काही थोरांचे पुतळे आहेत. त्यांत एक मणिलाल डॉक्टर यांचा. दर वर्षी एखादे मूल विचारतेच, की हे कोणत्या दवाखान्यातले डॉक्टर? आम्ही हसून सांगतो, की बाळांनो, हे औषध देणारे नव्हेत. वडील डॉक्टर होते, त्यावरून घराण्याला ते आडनाव पडले. हे स्वतः वकील होते, आणि तुमच्या खापरपणजोबांच्या बाजूने कोर्टात उभे राहणारे होते.

मणिलालजी मराठी नव्हते. मग आपल्या मराठी स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सोपे आहे. मजिस्ट्रेटसमोर उभ्या राहणाऱ्या गिरमिटियाची जात किंवा भाषा बघून त्यांनी वकीलपत्र घेतले नाही. रत्नागिरीकडून आलेला असो, बिहारचा असो की मद्रासकडचा, ज्याच्या हाताला उसाच्या पात्याचे चरे होते, त्याचे ते वकील होते.

तेव्हाची स्थिती आधी ध्यानात घ्यायला हवी. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलास’ जहाज इथे लागले आणि पुढे सुमारे साडेचार लाख माणसे गिरमिटावर या बेटावर उतरली. करार कागदावर होता आणि कायदाही होता, पण तो एकाच बाजूला जोर लावणारा. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. त्याला ‘डबल कट’ म्हणत. जवळ पास नसताना रस्त्यात सापडला तर भटका ठरून त्याला अटक होई. मालकाने पगार थकवला तर तक्रार करायला मजिस्ट्रेटकडे जाण्याची सोय होती. पण त्यासाठी इस्टेट सोडून जायचे कसे, आणि परत आल्यावर त्याच सरदाराच्या हाताखाली काम करायचे कसे?

या अन्यायाविरुद्ध इथल्याच एका गोऱ्या माणसाने, आदोल्फ द प्लेविट्स यांनी, 1871 मध्ये अर्ज तयार केला. त्यावर 9,401 मजुरांच्या सह्या आणि खुणा होत्या. मळेवाले इतके खवळले, की द प्लेविट्स यांना मार खावा लागला. मात्र त्या अर्जामुळे 1872 मध्ये चौकशीसाठी रॉयल कमिशन आले आणि 1878 मध्ये नवा मजूर कायदा झाला. कायदा सुधारला, पण तो कोर्टात वापरून दाखवणारा आपला माणूस अजून नव्हता.

1901 मध्ये गांधीजींचे जहाज वाटेत इथे थांबले, तेव्हा त्यांनी ही उणीव ओळखली. मुलांना शिकवा आणि राज्यकारभारात लक्ष घाला, असा सल्ला त्यांनी दिला. पुढे लंडनमध्ये त्यांची एका तरुणाशी गाठ पडली आणि त्याला त्यांनी मॉरिशसला जायला सुचवले. तो तरुण म्हणजे मणिलाल.

त्यांचा जन्म 28 जुलै 1881 रोजी बडोद्याला झाला. बडोदा म्हणजे गायकवाडांचे, मराठ्यांचे राज्य. मुंबई विद्यापीठातून एम. ए. आणि एल्एल. बी. होऊन ते लंडनला गेले आणि बॅरिस्टर झाले. मुंबईत बसून त्यांना सुखाने पैसा मिळवता आला असता. ते 1907 च्या ऑक्टोबरमध्ये पोर्ट लुईच्या बंदरात उतरले. वय होते 26.

पहिली लढाई पगडीची झाली. हिंदी माणसाने कोर्टात पगडी आणि जोडे उतरवूनच यावे, अशी तेव्हा रीत होती. बॅरिस्टर असूनही मणिलालजींना तीच रीत लावली गेली. कोणी म्हणेल, काय एवढे, पगडी काढावी आणि कामाला लागावे. पण त्यांनी पाहिले, की दारातच ज्याची मान खाली घालायला लावली, त्याचे आत कोण ऐकणार? त्यांनी आरडाओरड केली नाही. गव्हर्नरकडे रीतसर अर्ज गेला आणि परवानगी मिळाली. त्यानंतर आपली माणसे डोक्यावर पगडी आणि पायांत जोडे घालून न्यायालयात जाऊ लागली.

आमचे आजोबा ही गोष्ट सांगत. ती त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेली. स्वतः आजोबा मात्र म्हातारपणीही सरकारी कचेरीच्या पायरीशी चपला काढत. आई रागावली की ते कानकोंडे होत, आणि पुढच्या वेळी पुन्हा काढत. कायदा एका अर्जाने बदलतो, पण अंगात मुरलेली भीती निघायला दोन पिढ्या लागतात, हे आम्ही घरातच पाहिले.

मग खटले सुरू झाले. थकलेला पगार, मारहाण, खोटी गैरहजेरी अशा तक्रारी घेऊन मजूर त्यांच्याकडे येऊ लागले. इस्टेटीवर मालकाचा शब्द म्हणजे कायदा. कोर्टात मात्र मालकालाही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. सरदाराच्या साक्षीची उलटतपासणी होई. हेच मळेवाल्यांना झोंबले. त्यांच्या वर्तमानपत्रांनी मणिलालजींवर टीकेची झोड उठवली आणि सरकारही त्यांच्यावर नजर ठेवू लागले. 15 मार्च 1909 रोजी त्यांनी ‘हिंदुस्थानी’ हे पत्र सुरू केले, आधी इंग्रजी व गुजरातीत, पुढे इंग्रजी व हिंदीत. त्याच वर्षी दुसरे रॉयल कमिशन आले आणि त्याच्यापुढे त्यांनी मजुरांची बाजू मांडली. 1910 मध्ये मॉरिशससाठी गिरमिटाची नवी भरती बंद झाली.

तेव्हा हिंदुस्थानातही वारे फिरत होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1910 मध्ये कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात नाताळला मजूर पाठवणे थांबवण्याचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. 1912 मध्ये त्यांनी गिरमिट प्रथाच बंद करण्याचा ठराव आणला. तो पडला, पण प्रश्न देशापुढे आला. ज्या कोकणातून आपले पूर्वज बोटीत चढले, त्याच कोकणचा सुपुत्र त्यांच्यासाठी झगडला, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

मणिलालजींची पुढची कर्मभूमी फिजी. तिथल्या हिंदी लोकांनीही गांधीजींकडे वकील मागितला होता. 1912 च्या ऑगस्टमध्ये ते सुव्याला पोहोचले. पत्नी जयाकुंवर त्यांच्या कामात बरोबरीने होत्या. रंगूनचे डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या त्या कन्या. मणिलालजींचे काम तेच होते, मजुरांचे खटले चालवणे, अर्ज लिहून देणे, लोकांना एकत्र करणे. 1916 मध्ये सरकारने कौन्सिलात प्रथमच एक हिंदी सभासद नेमला, तेव्हा लोकांना मणिलालजी हवे होते. सरकारने दुसऱ्याला नेमले. गैरसोयीचा माणूस बाहेरच ठेवायचा, ही सत्तेची जुनी रीत.

1 जानेवारी 1920 रोजी फिजीतले उरलेले गिरमिट रद्द झाले. पण महायुद्धानंतरची महागाई भयंकर होती आणि मजुरी जुनीच होती. त्याच महिन्यात सुव्यात संप सुरू झाला. मागणी दिवसाला पाच शिलिंग मजुरीची. बायाही पुढे आल्या आणि जयाकुंवर त्यांच्या पुढारी झाल्या. फेब्रुवारीत पोलिसांशी चकमक होऊन एक मजूर मारला गेला आणि संप मोडला.

आता यापुढचे आम्ही मुलांना सावकाश सांगतो, कारण गोष्टीचे मर्म इथे आहे. मणिलालजींनी गुन्हा केला असे सरकारला वाटत असेल, तर मार्ग उघडा होता. आरोप ठेवावा, साक्षीदार आणावेत, न्यायाधीशापुढे सिद्ध करावे. सरकारने तसे केले नाही. 1875 च्या एका जुन्या कायद्याचा आधार घेऊन मार्चमध्ये हुकूम काढला, की मणिलाल, त्यांची पत्नी व आणखी काही जणांनी फिजीच्या मुख्य भागांत दोन वर्षे राहू नये. खटला नाही, साक्ष नाही, बचाव नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची बाजू कोर्टात मांडणाऱ्या माणसाला स्वतःची बाजू मांडायला कोर्टच मिळाले नाही.

ते न्यूझीलंडला गेले. तिथे वकिलीची परवानगी मागितली, तर तिथल्या वकिलांच्या संघटनेने हरकत घेतली आणि सनद मिळाली नाही. याचे आम्हांला फार वाईट वाटते. सरकारचा रोष एक वेळ समजतो. पण ज्यांनी विचारायला हवे होते, की या आपल्या व्यवसायबंधूला खटल्याशिवाय का हाकलले, त्यांनीच दार लावून घेतले. दबावाखाली न्याय टिकवायचा तर एकटा धीराचा वकील पुरत नाही. शेजारचा वकील आणि वर बसलेला न्यायाधीश यांनीही पाठ ताठ ठेवावी लागते.

पुढे ते हिंदुस्थानात परतले, काही काळ बिहारात गयेला राहिले, नंतर एडनला बरीच वर्षे वकिली केली. शेवटी मुंबईत 8 जानेवारी 1956 रोजी त्यांचे निधन झाले. आपला देश स्वतंत्र झालेला पाहायला ते राहिले नाहीत. ज्यांच्या आजोबांसाठी ते कोर्टात उभे राहिले, त्यांची नातवंडे पुढे इथे वकील झाली, न्यायाधीश झाली, मंत्रीही झाली.

वाचकहो, आज कोणी आपल्याला पगडी काढायला लावत नाही. पण कधी आपल्या पसंतीचे सरकार असते, आणि त्याला नको असलेल्या माणसाला चौकशीशिवाय गप्प केले, तर आपणही मनातून खूश होतो. तेव्हा सुव्याचा तो हुकूम आठवावा. आपल्याला न आवडणाऱ्या माणसालाही खटला आणि वकील मिळाला पाहिजे. नाहीतर ज्या दारातून त्याला हाकलले, त्याच दारातून उद्या आपल्यालाही जावे लागेल.

पुढच्या सहलीला आम्ही मुलांना पुतळ्यापाशी थोडा वेळ जास्त उभे करणार आहोत. आपणही पोर्ट लुईला गेलात तर नातवंडांना घेऊन तिथे जा, आणि आपल्या पणजोबांचे हे वकील कोण, ते त्यांना सांगा. मणिलालजींच्या स्मृतीस आमचा नमस्कार.