सुताराची मुलगी : बेब झहारियस

गोल्फ हा खेळ आपल्यापैकी फार थोड्या जणींनी पाहिला असेल. दूरवर पसरलेल्या हिरवळीत १८ भोके असतात. काठीने लहानसा चेंडू मारीत एकेका भोकात घालायचा. ज्याला सर्वांत कमी फटके लागतील तो जिंकला. जागा फार लागते, पैसाही फार, म्हणून हा श्रीमंतांचा खेळ. त्यात एका गरीब घरच्या मुलीने कसे नाव मिळवले, ते मैत्रिणींना सांगावेसे वाटते.

तिचे नाव मिल्ड्रेड. सारे तिला बेब म्हणत. २६ जून १९११ रोजी अमेरिकेत टेक्सास राज्यातील पोर्ट आर्थर गावी तिचा जन्म झाला. आईवडील नॉर्वेहून आलेले, भावंडे सात. वडील सुतारकाम करीत, आई लोकांचे कपडे धुऊन देई. बेब लहान वयातच बटाट्याची पोती शिवू लागली. पोत्यामागे एक सेंट मिळे.

पण तिची खरी ओढ मैदानाची. १९३२ साली मैदानी खेळांच्या राष्ट्रीय सामन्यांत दुसऱ्या क्रमांकाच्या संघात २२ मुली होत्या आणि बेबच्या संघात ती एकटी! तरी तिने ३० गुण मिळवून संघाचे विजेतेपद घेतले. त्याच वर्षी लॉस एंजल्सच्या ऑलिंपिकमध्ये भालाफेक आणि ८० मीटर अडथळ्यांची शर्यत यांत सुवर्णपदक, उंच उडीत रौप्यपदक पटकावले. एवढे होऊनही, ही बाई पुरुषी दिसते, अशी टवाळी वर्तमानपत्रांनी केलीच.

पुढे ती गोल्फकडे वळली. हातांना फोड येत, तरी पट्ट्या बांधून ती सराव करी. १९३५ साली तिने टेक्सासची स्पर्धा जिंकली. मोठ्या घरच्या बायकांना तिचे येणे आवडले नव्हते. लगेच अधिकाऱ्यांनी, हिने खेळून पैसे घेतले आहेत, असे म्हणून हौशी सामने तिला बंद केले. त्या काळी पैसे घेऊन खेळणाऱ्या बायकांसाठी स्पर्धा जवळजवळ नव्हत्याच. १९३८ मध्ये जॉर्ज झहारियस या पहिलवानाशी तिचे लग्न झाले. १९४३ मध्ये बंदी उठली. १९४६ साली ती अमेरिकेची आणि १९४७ साली ब्रिटनची हौशी स्पर्धा जिंकली. ब्रिटनची स्पर्धा जिंकणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. १९५० मध्ये आणखी १२ जणींना घेऊन तिने धंदेवाईक महिला गोल्फपटूंची संस्था उभी केली. जी वाट तिला मिळाली नाही, ती तिने पुढच्या मुलींना करून दिली. ती संस्था आजही चालू आहे.

१९५३ साली तिला आतड्याचा कर्करोग झाला. मोठी शस्त्रक्रिया करून मलविसर्जनासाठी पोटावर वाट काढावी लागली. आता मोठे सामने संपले, असे डॉक्टरांना वाटले. रोग पसरला आहे हे नवऱ्याला सांगितले, तिला मात्र नाही. चार महिने होण्याआधीच ती स्पर्धेत उतरली. १९५४ साली अमेरिकेची खुली महिला स्पर्धा तिने १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली.

मला तिचे मोठेपण याहून दुसऱ्याच गोष्टीत वाटते. त्या काळी कर्करोगाचे नाव लोक कुजबुजत घेत. बेबने ते चारचौघांत घेतले, रोग्यांना धीर दिला, संशोधनासाठी पैसा गोळा करायला मदत केली. २७ सप्टेंबर १९५६ रोजी ४५ व्या वर्षी ती गेली.

मैत्रिणींनो, आपण घरच्यांचा ताप लगेच मोजतो. आपल्या पोटात दुखले, कुठे गाठ लागली, रक्त गेले, तर मात्र लाजेने गप्प बसतो. सण होऊ दे, परीक्षा होऊ दे, म्हणून दिवस ढकलतो. बेबने जे साऱ्या जगाला सांगितले, ते आपण निदान घरात आणि डॉक्टरांपाशी वेळेवर सांगूया. घरी बोलवत नसेल, तर मंडळातल्या मैत्रिणीला सांगा. ती दवाखान्यात सोबत येईल.