डॉ. द्वारकानाथ कोटणीस

लढाई म्हटलं की आपल्याला बंदूकवाले सैनिक आठवतात. मी आज एका डॉक्टरांची माहिती लिहीत आहे. ते लढाईत औषधांची पेटी घेऊन गेले होते.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. ते मुंबईला डॉक्टरकी शिकले. १९३७ साली जपानने चीनवर मोठा हल्ला केला. गावं जळाली, पुष्कळ माणसं जखमी झाली. डॉक्टर फार थोडे होते. चीनने भारताकडे मदत मागितली. तेव्हा आपल्यावरच इंग्रजांचं राज्य होतं, तरी लोकांनी वर्गणी काढली. नेताजी सुभाषचंद्र बोस व पंडित नेहरू यांनी यात पुढाकार घेतला. पाच डॉक्टर निवडले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस होते. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये ते मुंबईहून बोटीने निघाले. तेव्हा कोटणीसांना २८ वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

चीनमध्ये असताना त्यांना वडील वारल्याची बातमी कळली. तरी ते घरी आले नाहीत. हे वाचून मला आधी वाईट वाटलं. मी माझ्या आईला विचारलं, तर ती बराच वेळ काही बोललीच नाही. पुढे तीन डॉक्टर परत आले. कोटणीस मात्र तिकडेच राहिले.

ते उत्तर चीनच्या डोंगराळ भागात गेले. जखमी माणसाला लांब न्यायला वेळ लागला तर रक्त जाऊन तो मरतो. म्हणून डॉक्टरच लढाईच्या जवळ जायचे. औषधं आणि पट्ट्या कमी पडायच्या. आपल्या खानदेशात कापूस भरपूर पिकतो. जखमेवर ठेवायला तोच लागतो, हे मला आता समजलं. १९४० सालच्या एका मोठ्या लढाईत त्यांनी ८०० पेक्षा जास्त जखमींवर उपचार केले. त्या वेळी ते ७२ तास झोपले नाहीत. म्हणजे पूर्ण तीन दिवस आणि तीन रात्री! गावातल्या गरीब लोकांनाही ते तपासायचे.

१९४१ साली ते तिथल्या बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. डॉ. बेथून हे कॅनडाचे डॉक्टर होते. शस्त्रक्रिया करताना त्यांचं बोट कापलं, जखम चिघळली आणि ते १९३९ साली वारले. त्यांचं काम कोटणीसांनी पुढे चालवलं.

मला त्यांची एक गोष्ट सगळ्यात जास्त आवडली. ते चिनी भाषा शिकले आणि तिथल्या मुलामुलींना डॉक्टरकी शिकवू लागले. एक डॉक्टर किती जणांना पुरणार? पण त्याने शिकवलेले पुष्कळ झाले, तर एक नसला तरी काम थांबत नाही.

तिथल्या नर्स क्वो छिंग्लान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. १९४२ साली त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ ठेवलं. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. पण कोटणीसांना फिट येण्याचा आजार जडला होता. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते वारले. वय फक्त ३२ वर्षे. बाळ तेव्हा चार महिन्यांचंही नव्हतं.

चीनमध्ये त्यांची समाधी व पुतळा आहे. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला. सोलापूरला त्यांचं स्मारक आहे.

पालकहो, शेतात विळा लागतो, विंचू चावतो, तेव्हा आपण घाबरून नुसते ओरडतो. रक्त वाहत असेल तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, एवढं तरी प्रत्येकाने शिकावं. लढाई नसली तरी ते उपयोगी पडतं. मी माझ्या धाकट्या भावाला शिकवलं आहे.

– इयत्ता ४ थी