बिव्हेरिया बॅसियाना: या नावामागचा माणूस

कपाशीवरील पांढरी माशी किंवा हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी तुम्ही बिव्हेरिया बॅसियानाचा पुडा आणला असेल. त्यातले 'बॅसियाना' हे नाव एका माणसाचे आहे. अगोस्तिनो बास्सी शिक्षणाने वकील होता, पण रमला तो शेतीत. त्याची हकिगत कळली की ही बुरशी कशी वापरायची तेही नीट समजते.

वकिली सोडून शेतीकडे

बास्सीचा जन्म 1773 साली उत्तर इटलीतील लोदी शहराजवळच्या मैरागो गावी झाला. पाविया येथे त्याने कायद्याचे शिक्षण घेतले आणि सोबत विज्ञानाची व्याख्यानेही ऐकली. पुढे सरकारी नोकरी मिळाली, पण डोळे अधू होत गेल्याने ती सोडून तो शेतावर परतला. तिथे त्याने मेंढ्या पाळल्या आणि मेंढीपालन, बटाटा, चीज अशा विषयांवर लिहिले.

रेशीम अळ्यांवरचे संकट

त्या भागात रेशीम हे अनेक घरांचे नगदी उत्पन्न होते. एका रोगाने मात्र संगोपनगृहेच्या संगोपनगृहे रिकामी होत. अळ्या मरून कडक होत आणि त्यांवर चुन्यासारखी पांढरी भुकटी येई. हा रोग हवेमुळे, खाद्यामुळे किंवा आपोआप होतो असा तेव्हाचा समज होता.

बास्सीने 1807 च्या सुमारास तपास सुरू केला. सुरुवातीला त्याचाही रोख चुकला. अळ्यांच्या खाण्यात आणि राहण्यात निरनिराळे बदल करून रोग निर्माण करण्याचा प्रयत्न त्याने अनेक वर्षे केला. अळ्या मेल्या, पण तो रोग काही झाला नाही. निराश होऊन 1816 च्या सुमारास त्याने हे काम जवळपास सोडले होते.

मग त्याने मेलेल्या अळीवरच्या पांढऱ्या भुकटीकडे लक्ष वळवले. ती निरोगी अळीला लागली की तिला तोच रोग होई. भुकटी येण्याआधीच्या मृत अळीपासून मात्र रोग पसरत नसे. ही भुकटी म्हणजे जिवंत बुरशीचे बीजाणू होते. 1834 मध्ये त्याने हे प्रयोग पाविया विद्यापीठाच्या समितीपुढे करून दाखवले आणि 1835 मध्ये पुस्तक छापले. मेलेल्या अळ्या जाळा, साहित्य उकळा, जागा स्वच्छ ठेवा, हे त्याचे उपाय होते. सूक्ष्म सजीवामुळे प्राण्यात रोग होतो हे पाश्चरच्या आधी दाखवणारा हा माणूस 1856 मध्ये वारला. बुरशीला मात्र त्याचे नाव कायमचे मिळाले.

शत्रूची झाली मित्रबुरशी

रेशीम अळी मारणारी बुरशी पिकावरची अळीही मारेल, हा विचार पुढे आला. 1879 मध्ये मेचनिकोव्हने ओडेसा भागात गव्हावरील भुंगेऱ्यावर मेटारायझियम वापरून पाहिली. हुमणीसाठी आपण शेणखतात मिसळतो ती हीच. बीटी जिवाणूही प्रथम 1901 साली जपानमध्ये आजारी रेशीम अळ्यांतच सापडला. हुमणीसारख्या जमिनीतील किडी मारणारे मित्र सूत्रकृमीही आज वापरात आहेत.

वऱ्हाडातील शेतकऱ्यांनी काय लक्षात ठेवावे

- बीजाणू किडीच्या अंगावर पडून रुजतात आणि आत शिरतात. म्हणून फवारणी किडीपर्यंत, पानाच्या खालच्या बाजूलाही पोहोचली पाहिजे.
- रुजण्यासाठी ओलावा लागतो आणि कडक उन्हात बीजाणू मरतात. फवारणी संध्याकाळी, दमट हवेत आणि जमिनीत ओल असताना करा.
- कीड मरायला काही दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी अळी दिसली म्हणून रासायनिक फवारणीची घाई करू नका. अळी लहान असतानाच वापरा.
- बुरशीनाशकासोबत मिसळू नका. पंप आधी स्वच्छ धुवा.
- पुडा सावलीत, थंड जागी ठेवा. मुदतीची तारीख आणि लेबलवरील मात्रा पाहूनच वापरा.
- सोयाबीनच्या पानाला चिकटलेली पांढरी, कडक अळी दिसली तर ती बहुधा नैसर्गिक बुरशीनेच मेलेली असते. ती वेचून फेकू नका, तिच्यापासून इतर अळ्यांना रोग लागतो.

सर्वांत महत्त्वाचा इशारा

अमरावती, अकोल्यात कपाशी-सोयाबीनच्या शेजारी तुतीचे प्लॉट असू शकतात. तुती किंवा रेशीम संगोपनगृहाजवळ बिव्हेरिया फवारू नका. बास्सीच्या गावातील अळ्या जिने मेल्या तीच ही बुरशी आहे. फवारणीचे कपडे घालून संगोपनगृहात जाऊ नका आणि शेजाऱ्याचे रेशीम असेल तर त्याला आधी सांगा. रेशीम उत्पादकांनी मृत अळ्या पांढऱ्या पडण्याआधीच वेचून नष्ट कराव्यात. बास्सीचा हा धडा आजही तसाच लागू आहे.

शंका असल्यास डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना विचारा.